ध्रुवीय अस्वलाचे रक्षण : भार कोणाच्या खांद्यावर?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी रोमजवळील कॅस्टेल गँडोल्फो येथे पोप लिओ चौदावे यांनी एका हिमखंडावर हात ठेवला आणि त्याला आशीर्वाद दिला. ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राला दहा वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त भरलेल्या परिषदेतील हा प्रसंग. हिमनदीपासून तुटून समुद्रात तरंगणारा हा बर्फ ग्रीनलंडहून मुद्दाम आणविण्यात आला होता. या प्रसंगाची छायाचित्रे जगभर गेली आणि त्यांची पुष्कळ थट्टाही झाली. आम्हांला मात्र त्यात हसण्याजोगे काही दिसले नाही. पेरणीपूर्वी बियाण्याला, मासेमारीचा हंगाम सुरू होताना होडीला, पायरी घातलेल्या नव्या घराला धर्मगुरूंचा आशीर्वाद मागणारे आम्ही भाविक, बर्फाला दिलेल्या आशीर्वादाने बिचकण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला जशी जमीन, तसा उत्तर ध्रुवाकडील जीवसृष्टीला बर्फ.

त्या बर्फावर ज्याचे सर्वस्व अवलंबून आहे, त्या ध्रुवीय अस्वलाविषयी आज काही विचार मांडावयाचे आहेत. हे अस्वल आपल्या परिचयाचे आहे ते चित्रांतून. वितळत्या हिमखंडावर एकाकी उभे असलेले पांढरे अस्वल हे हवामानबदलाचे जणू बोधचिन्हच होऊन बसले आहे. परंतु चित्र पाहून हळहळणे वेगळे आणि त्या प्राण्याच्या रक्षणाचा प्रश्न समजून घेणे वेगळे. प्रश्न समजून घेऊ लागलो की तो केवळ प्राणिदयेचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचे छोटे गाव आहे. वस्ती हजाराहूनही कमी. तेथवर रस्ता जात नाही, रेल्वेने किंवा विमानानेच पोहोचावे लागते. जगभरातील पर्यटक या गावाला ध्रुवीय अस्वलांची राजधानी म्हणून ओळखतात. आमच्या वाचकांना त्याची आणखी एक ओळख करून द्यावीशी वाटते : हे गाव एका कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. चर्चिल–हडसन उपसागर धर्मप्रांत हा क्षेत्रफळाने जगातील अतिविशाल धर्मप्रांतांपैकी एक असून भाविक मात्र अगदी थोडे, आणि त्यांत बहुसंख्य इनुइट लोक. पूर्वी त्यांना एस्किमो म्हणत. १९१२ साली ऑब्लेट संघाच्या मिशनरी धर्मगुरूंनी चेस्टरफिल्ड इनलेट येथे या प्रदेशातील पहिले मिशनकेंद्र स्थापिले, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. म्हणजे ज्या अस्वलांच्या बातम्या आपण परक्या मुलुखातील नवलकथा म्हणून वाचतो, ती अस्वले आपल्याच धर्मबंधूंच्या अंगणात वावरत असतात.

अंगण हा शब्द येथे अलंकारिक नाही. हडसन उपसागरावरील बर्फ दर उन्हाळ्यात पूर्णपणे वितळतो. तो वितळला की अस्वले किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास पाणी पुन्हा गोठेपर्यंत तेथेच थांबतात. या काळात त्यांना जवळजवळ उपाशी राहावे लागते. अस्वलाचे मुख्य भक्ष्य सील, आणि सील पकडण्यासाठी बर्फ हवा. बर्फातील श्वासछिद्राशी दबा धरून बसणे हीच त्याची शिकारीची रीत. खुल्या पाण्यात पोहून सील पकडणे त्याला साधत नाही. वसंतात सीलची पिल्ले जन्मतात, तेव्हा पोटभर खाऊन चरबी साठवायची आणि त्या शिदोरीवर उन्हाळा काढायचा, असे हे गणित हजारो वर्षे जुळत आले. गर्भार मादीचा उपास तर आणखी लांबतो. ती बर्फ गोठल्यावरही समुद्राकडे न जाता गुहेत शिरते, हिवाळ्याच्या ऐन मध्यावर जेमतेम अर्ध्या किलोहून थोड्या अधिक वजनाच्या पिल्लांना जन्म देते आणि वसंतापर्यंत स्वतः काही न खाता त्यांना दूध पाजते. तिचा उपास आठ महिन्यांपर्यंत जाऊ शकतो.

हे गणित आता बिघडले आहे. १९८० च्या दशकाच्या तुलनेत पश्चिम हडसन उपसागरातील बर्फरहित काळ सुमारे तीन ते चार आठवड्यांनी वाढला. आपल्याला तीन आठवडे म्हणजे फारसे वाटणार नाहीत. परंतु हे आठवडे कमी झाले ते सुगीचे, आणि वाढले ते उपासाचे. या काळात जमिनीवर मिळणारी बोरे, पक्ष्यांची अंडी, गवत खाऊन अस्वले तग धरतील, असे काहीजण म्हणत असत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच प्रदेशातील २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून उन्हाळ्यात त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. कोणी बोरे खाल्ली, कोणी पक्षी खाल्ले, कोणी निपचित पडून राहून शक्ती वाचवली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटले, सरासरी दिवसाला सुमारे एक किलो. १९८७ मध्ये या भागात सुमारे १,२०० अस्वले असल्याचा अंदाज होता. २०१६ मध्ये तो ८४२ वर आला आणि २०२१ मध्ये ६१८ वर. एका पिढीच्या डोळ्यांदेखत संख्या जवळपास निम्मी झाली.

येथे थोडे सावध राहणे आवश्यक आहे. या विषयावर अतिशयोक्ती पुष्कळ होते आणि ती सत्याचेच नुकसान करते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका मरणासन्न अस्वलाची चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि हवामानबदलाचा बळी म्हणून अश्रू ढाळले. पुढील वर्षी नॅशनल जिऑग्राफिक मासिकाला कबूल करावे लागले की त्या एका अस्वलाच्या अवस्थेचे कारण निश्चितपणे सांगता येत नव्हते आणि चित्रफितीसोबतच्या ओळींत मर्यादा ओलांडली गेली होती. जगात ध्रुवीय अस्वलांचे १९ गट मानले जात आले आहेत. एकूण संख्या साधारणतः २२ हजार ते ३१ हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे. सर्वच गट घटत नाहीत. अलास्काच्या उत्तरेकडील दक्षिण ब्युफोर्ट समुद्रात २००१ ते २०१० या काळात संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. पण कॅनडा आणि ग्रीनलंड यांमधील केन खोऱ्यात ती वाढल्याचे आढळले. आग्नेय ग्रीनलंडमध्ये तर समुद्री बर्फाऐवजी हिमनद्यांपासून तुटलेल्या बर्फावर शिकार करून जगणारा एक वेगळाच गट असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. ज्यांना हवामानबदलाची गोष्टच नको असते, ते या अपवादांकडे बोट दाखवून सारे काही आलबेल असल्याचे सांगतात. ते खरे नव्हे. अतिशीत भागातील जाड बर्फ थोडा पातळ झाला तर तेथील अस्वलांना काही काळ लाभ होऊ शकतो. बर्फ नाहीसाच होऊ लागला की तो लाभ उरणार नाही. १९८० च्या सुमारास उत्तर ध्रुवसागरावरील बर्फ सप्टेंबरात कमीत कमी असतानाही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाखांपर्यंत आक्रसला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या प्राण्याला ‘असुरक्षित’ वर्गात ठेवले आहे ते आजच्या संख्येमुळे नव्हे, तर पुढे दिसणाऱ्या या संकटामुळे.

एकेकाळी याच प्राण्यावर दुसरे संकट आले होते, आणि त्यातून जगाने त्याला वाचविलेही होते. १९५० आणि ६० च्या दशकांत धनिक शिकारी अलास्कात विमानाने बर्फावर उतरून अस्वले टिपत. स्वालबार्डमध्ये आमिष ओढताच आपोआप उडणाऱ्या बंदुका मांडून ठेवल्या जात. मादी मेली की पिल्लेही उपासमारीने मरत. अशा वेळी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकाच मेजाशी बसले. कॅनडा, नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या वतीने डेन्मार्कही होते. १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लो येथे पाच राष्ट्रांनी करार केला. विमानातून आणि मोठ्या मोटारबोटींतून शिकार बंद झाली. स्थानिक लोकांचा परंपरागत शिकारीचा हक्क तेवढा राखला गेला. नॉर्वेने तर शिकार पूर्णपणे थांबविली. अनेक भागांत अस्वले सावरली.

हा करार का यशस्वी झाला? अपराधी समोर दिसत होता, म्हणून. त्याच्या हाती बंदूक होती, त्याला नाव होते, परवाना होता. त्याला अडविता येत होते. आजचा अपराधी असा दिसत नाही. हजारो किलोमीटर दूर वीजकेंद्राची चिमणी धूर ओकते, मोटारी धावतात, विमाने उडतात, आणि त्यातून सुटलेला कार्बन वायू साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढवितो. उत्तर ध्रुवप्रदेश तर १९७९ पासून उर्वरित जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पण हडसन उपसागरातील एखाद्या मादीच्या लांबलेल्या उपासाबद्दल कोणत्या चिमणीला जाब विचारायचा?

अमेरिकेच्या कायद्याची नेमकी येथेच कोंडी झाली. १४ मे २००८ रोजी अमेरिकन शासनाने ध्रुवीय अस्वलाला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घेतले. प्राण्याच्या अस्तित्वाला मुख्य धोका हवामानबदलाचा आहे, हे शासनानेच मान्य करून केलेली ही नोंद म्हणून तिचे मोठे स्वागत झाले. परंतु त्याच दिवशी अंतर्गत खात्याचे सचिव डर्क केम्पथॉर्न यांनी स्पष्ट केले की हा कायदा हवामानविषयक धोरण ठरविण्यासाठी वापरता येणार नाही. तसा खास नियमही केला गेला, आणि पुढील वर्षी सत्तापालट होऊनही नव्या सरकारने तो कायम ठेवला. अमुक कारखान्याच्या धुरामुळे अमुक ठिकाणच्या अस्वलाला अमुक इतकी हानी झाली, असा कार्यकारणसंबंध जोडता येत नाही, हे त्यामागील कायदेशीर कारण. रोग ओळखला, त्याचे नाव लिहिले आणि औषधाच्या कपाटाला कुलूप लावले, असाच हा प्रकार.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्टीव्हन ॲमस्ट्रप आणि सिसिलिया बिट्झ या शास्त्रज्ञांनी त्या कुलपाची किल्ली सापडल्याचे सांगितले. हवेत एकूण किती हरितगृह वायू सोडले गेले आणि प्रत्येक गटाला किती बर्फरहित दिवस उपाशी काढावे लागले, यांचे थेट गणित त्यांनी मांडले. त्यावरून एखाद्या नियोजित प्रकल्पाच्या उत्सर्जनाने अस्वलांच्या उपासात किती भर पडेल, याचाही हिशेब करता येतो. विज्ञानाची अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. राहिली ती राजकीय इच्छेची.

ती इच्छा उणी पडली की काय होते? जो धोका दूर करायचा तो अवघड म्हणून बाजूला राहतो आणि जे सहज हाती सापडतात त्यांच्यावर निर्बंध येतात. येथे इनुइट लोकांची बाजू ऐकली पाहिजे. २००८ च्या निर्णयाने शिकारीचे कातडे अमेरिकेत नेण्यास बंदी झाली. कॅनडात अस्वलांची शिकार ठरावीक संख्येतच करता येते. गावागावांतील शिकारी संघटना हे परवाने वाटतात. त्यांतील काही परवाने बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्यांना देऊन, कुत्र्यांच्या गाडीवरून त्यांना नेऊन इनुइट कुटुंबे वर्षाची मिळकत करीत. बंदीने ती मिळकत आटली; बर्फ मात्र पूर्वीसारखाच वितळत राहिला. पुढे २०१० मध्ये दोहा येथे आणि २०१३ मध्ये बँकॉक येथे, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या परिषदेत अस्वलांच्या कातड्यांचा व्यापार पूर्णपणे बंद करण्याचा प्रस्ताव अमेरिकेने आणला. दोन्ही वेळा तो फेटाळला गेला आणि दोन्ही वेळा इनुइट प्रतिनिधींनी त्याला विरोध केला. हौशी शिकार आम्हांला रुचत नाही, हे येथे नमूद करतो. परंतु स्वतःच्या गाड्यांचा धूर आवरता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या चुलीवर बंदी घालणे, हा कोणत्या नीतीचा न्याय?

शिवाय इनुइट हे हवामानबदलाचे मूक प्रेक्षक नाहीत. अमेरिकेच्या विशेष नियमाच्याही तीन वर्षे आधी, २००५ च्या डिसेंबरात, इनुइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए यांनी अमेरिकी खंडांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. हवामानबदल हा आमच्या मानवी हक्कांचा भंग आहे, असे त्यात म्हटले होते. बर्फ भरवशाचा राहिला नाही तर शिकारीला जाणारा माणूस बुडतो, पोरांना शिकविण्याजोगी विद्या निरुपयोगी ठरते, अन्न मिळत नाही. आयोगाने त्या अर्जाचा पुढे विचार केला नाही.

आणि भय? भुकेलेले अस्वल किनाऱ्यावर अधिक काळ राहिले की माणसाच्या वस्तीत येते. २०१९ च्या फेब्रुवारीत रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटावरील एका वस्तीभोवती पन्नासाहून अधिक अस्वले जमली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. २०१८ च्या जुलैमध्ये कॅनडातील आर्वियात गावाजवळ आपल्या मुलांना वाचविताना एक तरुण पिता अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. आर्वियात त्याच चर्चिल–हडसन उपसागर धर्मप्रांतातील गाव. अस्वलांची संख्या घटत आहे असे शास्त्रज्ञ म्हणतात, तर गावकरी म्हणतात, आम्हांला तर पूर्वीपेक्षा अधिक अस्वले दिसतात. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे शहरातील वातानुकूलित कक्षात बसलेल्यांना उमगायला वेळ लागतो.

याविषयी आपल्या ख्रिस्तसभेनेही एक धडा घेतलेला आहे, आणि तो कटू आहे. १९५५ ते १९६९ या काळात त्याच चेस्टरफिल्ड इनलेटमध्ये कॅथलिक मिशनने इनुइट मुलांसाठी वसतिगृह चालविले. मुलांना आईबापांपासून, भाषेपासून, शिकारीच्या वाटांपासून तोडून आणले गेले आणि त्यांतील अनेकांवर अत्याचार झाले. २९ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवरून इकालुइट या इनुइट भूमीत गेले, अशा शाळांतून जगून वाचलेल्यांना भेटले आणि त्यांनी क्षमा मागितली. त्या शाळा चालविणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत एकच होती : या लोकांचे भले कशात आहे, ते त्यांच्यापेक्षा आम्हांला अधिक कळते. आज अस्वलाच्या रक्षणाच्या नावाने पुन्हा कोणी दूरवरून येऊन इनुइटांना न विचारता त्यांच्या जीवनाचे नियम ठरवू लागले, तर निदान आम्ही कॅथलिकांनी तरी टाळ्या वाजवू नयेत.

चर्चिल गावाने यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. गावात शिरणाऱ्या अस्वलाला शक्यतो गोळी घालीत नाहीत. त्याला पिंजऱ्यात पकडून जुन्या लष्करी इमारतीतील कोठडीत ठेवतात, आणि नंतर हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडतात. कोठडीत पाणी मिळते, अन्न नाही. एरवी गावात येणे फायद्याचे असते, असा त्याचा समज व्हायचा. लोक मोटारींना कुलूप लावीत नाहीत, कारण अस्वल दिसताच कोणालाही जवळच्या गाडीत शिरता यावे. आर्वियातनेही गस्तीपथक नेमले आहे. माणूस आणि अस्वल दोघेही जगावेत यासाठी दरवर्षी हे कष्ट उपसणारी माणसे, या संकटाला सर्वांत कमी कारणीभूत आहेत.

‘लाउदातो सी’मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले, ते याच अर्थाने. कोणतीही प्रजाती केवळ माणसाच्या उपयोगासाठी नाही. तिला स्वतःचे मोल आहे, ती आपल्या अस्तित्वानेच निर्मात्याचा महिमा गाते, अशी त्या विश्वपत्राची शिकवण आहे. ही शिकवण नवी नाही. ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वर ईयोबाला रानातील प्राण्यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारतो, बर्फ कोणाच्या उदरातून आला असेही विचारतो, आणि ईयोब निरुत्तर होतो. ते प्राणी ईयोबाच्या काडीइतक्याही उपयोगाचे नव्हते, तरी परमेश्वर त्यांच्याविषयी कौतुकाने बोलतो. आठ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, ‘लाउदाते देउम’ लिहिताना पोप फ्रान्सिस यांचा सूर अधिक कठोर झाला होता. सांगून झाले, पण राष्ट्रांनी पुरेसे केले नाही, ही खंत त्यात उघड आहे.

आपला देश या प्रश्नापासून दूर आहे, असेही नाही. स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड येथे २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन संस्थेतून चालतो. तेथे जाणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ बाळगावे लागते. २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत भारत निरीक्षक आहे. तिकडील बर्फाचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, हा आपल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा एक विषय. दरडोई हिशेब केला तर भारतीयाचे उत्सर्जन अमेरिकनाच्या तुलनेत अगदीच थोडे. एकूण उत्सर्जनात मात्र आपला देश पहिल्या तीनांत बसतो. पहिल्या वाक्याने आपण वाटाघाटीत न्याय मागतो, तो मागावाच. पण दुसरे वाक्य सोयीस्करपणे गिळून टाकणे बरे नव्हे. व्हॅटिकनने २००८ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत सहाव्या पॉल सभागृहाच्या छतावर सौरपट्टे बसविले. त्याने एकही अस्वल वाचले नसेल. पण आपल्याकडील किती चर्चची, शाळांची आणि सभागृहांची छपरे अजून नुसतीच ऊन खात आहेत, हे मोजायला फार वेळ लागणार नाही.

दरम्यान मुख्य रणांगण पुन्हा अलास्काकडे सरकले आहे. तेथील आर्क्टिक वन्यजीव आश्रयभूमीच्या किनारपट्टीवर दक्षिण ब्युफोर्टच्या माद्या गुहा करून पिल्ले जन्माला घालतात, आणि त्याच जमिनीखाली तेल आहे. अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, जुलैमध्ये या भूमीत दहा वर्षांत चार लिलाव करण्याचा कायदा केला आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे १५ लाख एकरांची सारी किनारपट्टी तेल-उत्खननासाठी खुली करण्याची घोषणा केली. स्थानिकांतही एकमत नाही : काक्तोविक गावातील अनेक इन्युपियाट लोकांना तेलातून शाळा आणि दवाखाने दिसतात, तर दक्षिणेकडील ग्विचिन लोकांचा विरोध आहे, कारण त्यांचे जीवन ज्या कॅरिबू हरणांवर चालते, तीही तेथेच वितात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की २०२१ च्या पहिल्या लिलावात एकही मोठी तेल कंपनी उतरली नाही आणि २०२५ च्या जानेवारीतील दुसऱ्या लिलावात तर एकही बोली आली नाही. बँका आणि विमा कंपन्या अशा प्रकल्पांना पैसा देण्यास कचरतात. त्यांच्यावर दडपण आणणाऱ्यांत अनेक धार्मिक संस्था आणि संन्यस्त संघही आहेत. नव्या कायद्याखालील लिलावांत कोण बोली लावते आणि त्याला कर्ज कोण देते, याकडे आमचे लक्ष राहील.